झडीतली हगवण: आधी जमीन कोरडी करा, मग औषधाचं बोला

इंदूर, महू, सांवेर, देपालपूरकडच्या वराहपालकांसाठी, आषाढ ते भाद्रपद

झड लागली की पिल्लांना हगवण लागते आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून 'भारी' अँटिबायोटिक पावडर येते. ती खाद्यात कालवली जाते. कप्प्याची जमीन मात्र तशीच ओली राहते, आणि पिल्लं मरतात ती बहुतेक त्या ओलीपायी.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश ऊब लागते. अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. ओल्या सिमेंटवर पडलं की ते गारठतं, थानाला लागत नाही, चीक पोटात जात नाही, आणि ई. कोलाय जंतूला रान मोकळं मिळतं. मादी विण्याआधी आठवडाभर कप्पा रिकामा ठेवा. घाण खरवडा, धुवा, पूर्ण वाळू द्या. मगच धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण (१० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम) मारा आणि पुन्हा वाळवा. घाणीवरच फिनाईल ओतलं तर पैसे नालीत गेले समजा. घाणीत जंतुनाशकाचा जोर राहत नाही. आपल्या काळ्या मातीत पाणी जिरत नाही, म्हणून जमिनीला मीटरमागे ३ सेंमी उतार हवाच.

वर ८-१० सेंमी भुसा. सकाळ-संध्याकाळ मूठभर दाबून पाहा. तळहाताला ओल लागली की बदला. आमचा अंदाज असा की पावसाळ्यात सोयाबीनच्या भुशाला बुरशी लवकर धरते, गव्हाचा बरा. १०० वॅटचा बल्ब साखळीने पक्का टांगा, भुशापासून निदान ५० सेंमी वर. पहाटे तीन-चारला डोकावा: पिल्लं एकावर एक चढून झोपली असतील तर थंडी वाजते आहे, बल्बपासून दूर पांगली असतील तर उकडतं आहे.

नेहमीची कामं:
- चीक ६ तासांच्या आत
- नाळेला टिंचर आयोडीन
- तिसऱ्या दिवसापर्यंत लोहाचं इंजेक्शन, २०० मिग्रॅ, मानेत
- हॉटेलचं उरलंसुरलं ३० मिनिटं उकळून
- स्वाइन फीवरची लस, जंताचं औषध: डॉक्टरांच्या वेळापत्रकाने

आता त्या पावडरीचं. आजारी पिल्लू सगळ्यांत कमी खातं, म्हणून खाद्यातलं औषध त्यालाच सगळ्यांत कमी मिळतं. अर्धवट मात्रेत कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि तो चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. डुकराला दिलेल्या एन्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचं काही प्रमाणात शरीरातच सिप्रोफ्लॉक्सॅसिन बनतं; तीच गोळी घरात माणसंही खातात. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि खाद्यात २०१९ पासून बंद आहे. जुना साठा कोणी 'स्वस्तात' देऊ लागला तर घेऊ नका.

शिवाय प्रत्येक हगवण जंतूंची नसते. पहिल्या चार दिवसांतली पाण्यासारखी असेल तर ई. कोलायचा संशय घ्या. सातव्या ते चौदाव्या दिवसांतली पिवळट, लगद्यासारखी बहुधा कॉक्सिडियाची (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची) असते. तिला अँटिबायोटिक लागू पडत नाही. दोन्हींत आधी पाणी भरून काढा: ओआरएसचं एक लिटरचं पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात, थोडं थोडं, वारंवार. आणि भुसा बदला, तोही त्याच दिवशी.

औषध लागलंच तर पहिल्या डोसाआधी गुदद्वाराचा स्वॅब (कापसाच्या काडीवर नमुना) घ्यायला लावा. कोणतं औषध लागू पडेल हे तपासता येतं का, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. मात्रा वजनावर ठरते, डोळ्यावर नाही. मोठ्या जनावराचा छातीचा घेर × घेर × लांबी (सेंमीत) भागिले १४४००, म्हणजे अंदाजे किलो. दिवस डॉक्टर ठरवतील; हगवण थांबली म्हणून मधेच सोडू नका.

विकण्याआधी, शेवटच्या डोसानंतर बाटलीवर लिहिलेले दिवस थांबा. लिहिले नसतील तर मांसासाठी निदान २८ दिवस. कापणाऱ्याने हाताची जखम झाकावी. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट भाजीला लावू नये. शिजवताना आतला गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवावं. चिवट जंतूही त्या आचेत मरतात, पाटावरचे मात्र जिवंत राहतात.

दुकानदाराला विचारण्याआधी १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन लावा, आणि तोवर पिल्लं कोरड्या भुशावर हलवून ठेवा.