कादंबरीवरून समूहप्रदर्शन करताना

कादंबरीवर प्रदर्शन करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत सगळे एकच गाजलेला प्रसंग धरून बसतात. भिंतीवर मग पाच चित्रं एकाच पानाची लागतात. म्हणून पुस्तक आधी सगळ्यांनी पूर्ण वाचावं, वाटणी नंतर.

मराठवाड्यातल्या गटाला रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) फार चांगली: खेड्यातल्या शिंप्याचं घर, तेही बायकोच्या तोंडून. पात्रांचे चेहरे रंगवत बसलात तर हाती मुखपृष्ठं येतील. त्यापेक्षा शिंपीकामात शिरा. कातर, मापाची पट्टी, अस्तर, काज, उसवलेले टाके, मशीनखाली साचलेल्या चिंध्या... एकाने एकच गोष्ट घ्यायची आणि शेवटपर्यंत तिच्याशीच झुंजायचं. चिंध्यांचं मांडणीशिल्प करणार असाल तर कापड आधी धुऊन वाळवा. खळ राहिली की कसर लागते.

कादंबरीतली वाक्यं भिंतीवर लिहायची असतील तर हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. लेखकाच्या मृत्यूनंतरही हे हक्क ६० वर्षं टिकतात. प्रकाशकाला पत्र काम सुरू करण्याआधीच पाठवा.

खरी फजिती होते ती चित्रं टांगताना. वरच्या कडा जुळवू नका, मध्य जुळवा: जमिनीपासून १४५ सें.मी. चित्र ६० सें.मी. उंच आहे आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सें.मी. खाली येते असं धरा. मग हुक १४५ + ३० − ८ = १६७ सें.मी.वर. तार मोजताना बोटाने वर ओढूनच मोजा. सैल तार मोजली की चित्र खाली उतरतं. जड चौकटीला तंगूस नको, तो हळूहळू ताणतो आणि चित्र कलतं. दोन्ही बाजूंना कड्या, दोन हुक, भिंतीत प्लास्टिकची गिट्टी.

तारखा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या घ्या. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अ‍ॅक्रिलिकचा थर मऊ पडतो. एकावर एक रचलेले कॅनव्हास टेम्पोतून येईपर्यंत चिकटतात, सोडवताना रंग सुटतो. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घाला. वर्तमानपत्र तर नकोच, शाई उतरते.

चित्राशेजारच्या पट्टीवर नाव, माध्यम, माप, वर्ष एवढंच, अक्षर किमान १८ पॉइंट. कादंबरीचा सारांश तिथे चिकटवू नका. पुस्तकाच्या दोन प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवा, शेजारी खुर्ची.