जर्नलची वर्गणी ठरवताना वापराचे आकडे: या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास मुंबईतल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत पुढच्या वर्षाच्या वर्गण्यांची जुळवाजुळव सुरू होते. वर्गणीला डाउनलोडने भागायचं, महाग दिसतील ती जर्नलं लाल करायची आणि यादी ग्रंथालय समितीपुढे ठेवायची. पण त्या भागाकारातच गोची असते.

काउंटर म्हणजे ई-जर्नलांचा वापर एकाच पद्धतीने मोजण्याचं मानक; प्रकाशक त्यानुसार ग्रंथालयाला अहवाल देतात. काउंटरच्या अहवालात ‘टोटल’ आणि ‘युनिक’ अशा दोन प्रकारच्या रिक्वेस्ट, म्हणजे लेख उघडल्याच्या नोंदी, असतात. विद्यार्थिनीने एक लेख आधी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानावरच, उघडला आणि लगेच त्याची पीडीएफ उतरवली, तर टोटलमध्ये ते दोन, युनिकमध्ये एक. ज्या प्लॅटफॉर्मवर एचटीएमएल आपोआप उघडतं, तिथली जर्नलं टोटलवर उगाच स्वस्त दिसतात. भागायचं ते युनिकनेच. आणि आकडे काउंटरच्या टीआर-जे१ या जर्नल-अहवालातून घ्या, कारण सर्वांना खुले असलेले लेख त्यात धरत नाहीत. फुकट मिळणाऱ्या लेखांच्या जोरावर वर्गणी कशी मागणार?

टीआर-जे४ फारसं कुणी उघडत नाही, खरं तर सर्वांत कामाचा अहवाल तोच. लेख कोणत्या साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार वापर त्यात कळतो. वाचन बहुतेक जुन्या लेखांचं असेल आणि ते अंक करारानुसार कायमचे तुमचे असतील, तर चालू वर्गणी थांबवून फारसं बिघडत नाही. करारातलं ते कलम मात्र आधी वाचा.

गणिताच्या जर्नलची तुलना औषधनिर्माणशास्त्राशी करू नका. मोजके वाचक असलेल्या विषयावर तो अन्याय आहे.

सरकारी संस्थांसाठी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची एकत्रित वर्गणीची योजना सुरू झाली आहे: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० ई-जर्नलं. तुमची संस्था त्यात असेल, तर त्या यादीशी ताडून न पाहता काहीही रिन्यू करू नका.

आणि शून्य वापर दिसला म्हणून लगेच काट मारू नका. इंटरनेट कंपनी बदलल्यावर नवा आयपी, म्हणजे प्रकाशक ज्यावरून तुमचं कॉलेज ओळखतो तो इंटरनेट-पत्ता, प्रकाशकाला कळवला होता का? नसेल, तर कॉलेजात बसून केलेला वापरही तुमच्या खात्यावर येत नाही. विरार-कर्जतहून येणारी मुलं लोकलमध्ये मोबाइलवरच वाचतात. कॉलेजबाहेरून लॉगिनची सोय नसेल तर त्यांना लेख उघडतच नाही, आणि हा नकार टीआर-जे२ या नाकारलेल्या वापराच्या अहवालातही दिसत नाही. आधी ती सोय करा, एक सत्र जाऊ द्या, मग वापराचा आकडा पुन्हा काढा.