जुना लॅपटॉप वायफाय पकडत नाही? टाकून द्यायच्या आधी हे बघा

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला, लॅपटॉप गेला म्हणाले. गेला म्हणजे काय, तर घरी नवीन फायबरचं कनेक्शन घेतलं, कंपनीवाल्याने जुना राऊटर काढून नवा बसवला आणि त्या दिवसापासून लॅपटॉपमध्ये घरचं वायफाय दिसेना. शेजारच्या तीन फ्लॅटचं दिसतंय, स्वतःचंच नाही. फोनवर सगळं नीट. दुकानात नेला तर तिथल्या माणसाने मदरबोर्ड गेलाय, खर्च करू नका, नवीन घ्या असं सांगून टाकलं. लॅपटॉप २०११ चा, विंडोज सेव्हन, सोसायटीचे बारा वर्षांचे हिशोब त्यात एक्सेलमध्ये, आणि काकांना नवीन मशीन नकोच होतं. मी रविवारी गेलो, लॅपटॉप उघडलासुद्धा नाही, राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बदलल्या आणि चहा येईपर्यंत वायफाय चालू.

हे सविस्तर लिहायचं कारण तेच, की अशी चांगली मशीनं भंगारात जाताना मी बघतोय आणि खरंच वाईट वाटतं. नव्वद टक्के वेळा कॉम्प्युटर बिघडलेला नसतोच, राऊटर नवीन झालेला असतो आणि दोघांची भाषा जुळत नाही एवढंच.

सगळ्यात आधी एक चाचणी करा, त्यावरून पुढची अर्धी डोकेदुखी वाचते. लिस्टमध्ये दुसऱ्या कोणाचं तरी वायफाय दिसतंय का? शेजारी कोणी नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावा, त्यात बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, २.४ गिगाहर्ट्झ करा आणि तो दिसतो का बघा. दिसला तर वायफाय कार्ड, म्हणजे लॅपटॉपमधला वायफाय पकडणारा भाग, चांगलं आहे, लॅपटॉपच्या मागे लागू नका, राऊटरकडे वळा. काहीच दिसत नसेल तर मात्र मशीनमध्ये गडबड आहे, त्याचं खाली सांगतो.

आता राऊटर. आजचे राऊटर दोन बँडवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या स्वस्त आणि मध्यम लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा फक्त २.४ वालं कार्ड असायचं, त्याला ५ वालं नेटवर्क दिसणारच नाही, कितीही रिस्टार्ट करा. तुमचं कार्ड कोणतं ते बघायला कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाईप करायची काळी खिडकी) उघडून नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स असं इंग्रजीत टाईप करा, एक यादी येईल, त्यात रेडिओ टाइप्सच्या पुढे ८०२.११ बी, जी, एन (वायफायच्या पिढ्यांची नावं) एवढंच असेल तर कार्ड फक्त २.४ चं आहे असं धरून चाला. ए किंवा एसी पण असेल तर ५ पण चालतं.

राऊटरच्या सेटिंगमध्ये जायला फोन घरच्या वायफायला जोडा आणि ब्राऊझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका. बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या राऊटरला १९२.१६८.२९.१, नाहीतर राऊटर उलटा करा, खाली स्टिकरवर पत्ता आणि लॉगिन लिहिलेलं असतं. काहीही बदलायच्या आधी त्या स्टिकरचा आणि वायफायच्या सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा, हे विसरू नका, परत पहिल्यासारखं करायची वेळ आली की तोच फोटो कामाला येतो.

आत गेलात की बँड स्टिअरिंग किंवा स्मार्ट कनेक्ट असं काहीतरी चालू असेल, म्हणजे दोन्ही बँडना एकच नाव. ते बंद करा आणि २.४ ला वेगळं नाव द्या. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, स्माईली नको, मराठीत पण नको. मराठीत नाव दिलेलं मला स्वतःला आवडतं पण जुन्या विंडोजमध्ये तिथे अगम्य चिन्हं दिसतात आणि माणसाला वाटतं हे आपलं नाहीच.

मग चॅनल, म्हणजे बँडमधल्या नंबर दिलेल्या वाटा. ऑटोवर असेल तर राऊटर कधी १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर जाऊन बसतो. आपल्याकडे १३ पर्यंत चालतं, पण कितीतरी जुनी कार्डं अमेरिकेच्या हिशोबाने बनलेली, ती ११ च्या पुढे बघतच नाहीत. म्हणून १, ६ किंवा ११ यातला एक हाताने निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. काल दिसत होतं आज दिसत नाही, परवा परत दिसेल, असला लपंडाव चालू असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या.

तिसरी गोष्ट म्हणजे मोड. नवीन राऊटर वायफाय सिक्सचे असतात, त्याला सेटिंगमध्ये एएक्स म्हणतात. काही जुन्या कार्डांचे जुने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरं, एएक्स चालू असलेलं नेटवर्क दाखवतच नाहीत, इंटेलची काही कार्डं पण त्यात आहेत आणि त्यांना ड्रायव्हर अपडेट केला की दिसायला लागतं. अपडेट मिळत नसेल तर २.४ वर मोड बी, जी, एन करा. काकांकडे मी केलं ते हेच, नाव वेगळं केलं आणि एएक्स काढलं. ५ ला हात लावू नका, म्हणजे फोन आणि टीव्ही पूर्ण स्पीडनेच चालत राहतील.

नाव दिसतंय, पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी जोडलं जात नाही, असं असेल तर भानगड सिक्युरिटीची. डब्ल्यूपीए थ्री, म्हणजे वायफायचं नवं कुलूप, २०१८ मध्ये आलं, त्याच्या आधीच्या मशीनला ते माहीत असायचं कारण नाही. २.४ वर डब्ल्यूपीए टू पीएसके, एईएस हे निवडा. टू आणि थ्री मिक्स असा पर्याय असतो, त्यावर सुद्धा काही जुनी कार्डं अडून बसतात, मग सरळ फक्त टू करा. तिथेच कुठेतरी पीएमएफ (वायफायच्या आतल्या संदेशांचं संरक्षण) असेल तर ते रिक्वायर्डवरून ऑप्शनल करा. पण एक कळकळीने सांगतो, जुनं मशीन चालावं म्हणून डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप लावू नका आणि पासवर्ड तर अजिबात काढू नका, डब्ल्यूईपी कोणीही काही मिनिटांत फोडतं. एईएसच्या जागी टीकेआयपी पण नको, त्याने एनचं कार्ड सुद्धा ५४ एमबीपीएसवर येतं. विंडोज एक्सपी असेल तर सर्व्हिस पॅक थ्री आहे ना बघा, डब्ल्यूपीए टू त्यात आहे.

कंपनीचा राऊटर असलं काही बदलूच देत नसेल, ॲपमधून फक्त नाव-पासवर्ड बदलता येत असेल, तर गेस्ट नेटवर्क आहे का बघा. ते चालू करून २.४ वर ठेवा आणि जुना लॅपटॉप त्याला जोडा. एकच अडचण, गेस्टवरून घरातला वायफाय प्रिंटर बहुधा दिसत नाही.

आता ज्यांच्या मशीनमध्ये कोणतंच नेटवर्क दिसत नाही ते. आधी स्विच शोधा. हसू नका, जुन्या लॅपटॉपला पुढच्या कडेला, जिथे मनगट टेकतं त्याच्या खाली, नखाएवढी सरकपट्टी असायची, बॅगेत टाकताना ती सरकते आणि वर धूळ बसते म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. बोटाने चाचपडत गेलं की लागते. पट्टी नसेल तर एफएन दाबून वरच्या ओळीतल्या अँटेनाच्या चित्राचं बटन दाबा. तरी नाही तर माय कॉम्प्युटरवर राईट क्लिक, मॅनेज, डिव्हाइस मॅनेजर. तिथे नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन लिहिलेलं काही आहे का? खाली बाण असेल तर डिसेबल आहे, राईट क्लिक करून इनेबल करा. पिवळं चिन्ह असेल किंवा अदर डिव्हाइसेसमध्ये अनोळखी काहीतरी पडलं असेल तर ड्रायव्हर नाही, विंडोज नव्याने टाकल्यावर हमखास होतं.

कोणता ड्रायव्हर ते ओळखायला त्याच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी बघा. व्हीईएनच्या पुढे ८०८६ असेल तर इंटेल, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक. तो आख्खा आयडी लॅपटॉपच्या मॉडेल नंबरबरोबर सर्च करा आणि ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून घ्या. फुकट ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका, ती नको ते घेऊन येतात.

आणि नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मोबाईल डेटा संपायची काळजी नको, फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं. म्हणजे फोनच लॅपटॉपचं वायफाय कार्ड झाला. विंडोज सेव्हनवर पहिल्या वेळी थोडं थांबावं लागतं, कधीकधी डिव्हाइस मॅनेजरमधून रिमोट एनडीआयएस (केबलमधून नेट घेणारा ड्रायव्हर) हाताने निवडून द्यावं लागतं, लिनक्स मिंटवर (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टिम) सहसा लगेच चालतं.

वायफाय जोडलंय पण साईट उघडत नाहीत, हा वेगळाच प्रकार आणि यात लोक राऊटरवर उगाच चिडतात. एका गावातल्या शाळेत मला बोलावलं होतं, लॅबमधल्या एका मशीनवर वायफायच्या दांड्या फुल पण कोणतंही पान उघडलं की कनेक्शन सुरक्षित नाही असा लाल इशारा. कोपऱ्यात घड्याळ बघितलं तर १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल संपलेला, लाईट गेली की तारीख मागे जायची, आणि साईटचं सर्टिफिकेट, म्हणजे ती खरी असल्याचा दाखला, तारीख बघूनच तपासलं जातं त्यामुळे ब्राऊझरला सगळ्याच साईट खोट्या वाटत होत्या. सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. पिन काढून, कॅबिनेट उघडून, सेलच्या बाजूची छोटी पट्टी नखाने दाबली की जुना सेल उडी मारून वर येतो, नवा घालताना प्लसची बाजू वर. मग तारीख-वेळ लावा. पाच मिनिटांचं काम आणि मुलांनी त्याच तासाला चांद्रयानाची चित्रं शोधली, मला फार बरं वाटलं.

तारीख बरोबर असून फक्त काही साईट रुसत असतील तर ब्राऊझर जुना आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीच्या सर्टिफिकेटांचा आधार, संपलं तेव्हापासून जुन्या मशीनवर असं जास्त होतंय. फायरफॉक्स स्वतःची सर्टिफिकेटं स्वतः बाळगतो म्हणून अशा मशीनवर तोच टाका, विंडोज सेव्हनला ११५ ची ईएसआर (जास्त काळ चालवली जाणारी) आवृत्ती चालते, क्रोम तिथे १०९ ला थांबलं. बाकी विंडोज सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत, त्यावर बँकेचे व्यवहार करू नका, हिशोब, टायपिंग, यूट्यूब ठीक आहे.

कोणतीच साईट उघडत नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाका. तिथे दिसणारा आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलाच नाही, राऊटर एकदा बंद-चालू करून आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू करा. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे पूर्वीच्या केबलवाल्या नेटचा माणूस कॉम्प्युटरमध्ये आयपी आणि डीएनएस (साईटचं नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता) हाताने भरून जायचा, कनेक्शन बदललं तरी ते आकडे तसेच आत राहतात. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी व्हर्जन फोरवर डबल क्लिक करून दोन्ही ठिकाणी ऑटोमॅटिक करा. डेस्कटॉपवर जुन्या ब्रॉडबँडचा डायलर असेल, ज्यावर क्लिक करून युजरनेम टाकायचा, त्याची आता गरज नाही, ते काम राऊटर करतो.

सारखं तुटतंय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी खूण काढा, बॅटरीवर चालवताना बऱ्याचदा हेच असतं.

डेस्कटॉपला वायफाय नसेलच तर छोटा यूएसबी डोंगल मिळतो, फक्त खोक्यावर तुमच्या विंडोजचं नाव आहे ना बघून घ्या. डोंगल सीपीयूच्या मागे जमिनीलगत खोचू नका, पत्र्याचा डबा मध्ये येतो आणि यूएसबी थ्री पोर्टचा तर २.४ ला त्रासच होतो. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन लावून तो टेबलावर आणा, फरक तिथल्या तिथे दिसेल. लॅपटॉपमधलं कार्ड बदलायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, काही कंपन्यांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं टाकलं तर मशीन सुरूच होत नाही. आणि उघडलंत तर काळी आणि पांढरी बारीक वायर कुठे होती त्याचा फोटो घ्या, त्या अँटेना आहेत, ओढू नका, नखाने सरळ वर उचला.

सगळं झालं की बदललेल्या सेटिंग एका कागदावर लिहून ठेवा, कारण कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की राऊटर रिसेट मारतो आणि सगळं परत पहिल्यासारखं होतं. काकांनी तो कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलाय, २.४ चं नाव, चॅनल ६, डब्ल्यूपीए टू, एएक्स बंद, आणि खाली माझा नंबर.