पॅरा स्पोर्टमध्ये उतरायचंय? मग आधी तुमचा खेळ कोण चालवतं ते शोधा

आम्ही फोंड्याचे. माझ्या भाच्याला जन्मापासून ऐकू येत नाही, पण पळतो असा की बघत राहावं. जवळजवळ वर्षभर आम्ही पॅरा अॅथलेटिक्सच्या मागे होतो, फॉर्म, सर्टिफिकेटं, बांबोळीच्या फेऱ्या, आणि शेवटी कळलं की पॅरालिम्पिकमध्ये कर्णबधिरांसाठी गटच नाही. तुमचं वर्ष असं जाऊ नये म्हणून लिहितोय.

तर पहिलं काम हे, की दार कुठलं ते ठरवा. हातापायाचं, नजरेचं किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर पॅरालिम्पिकचा रस्ता, ज्याची वरची संस्था म्हणजे जर्मनीत बॉनला असलेली इंटरनॅशनल पॅरालिम्पिक कमिटी (आयपीसी), १९८९ ची, आणि आपल्याकडे पॅरालिम्पिक कमिटी ऑफ इंडिया. कर्णबधिरांची डेफलिम्पिक्स मात्र पूर्ण वेगळी, १९२४ पासून चालू आहे, त्यांची जागतिक संघटना १९९५ ला पॅरालिम्पिकवाल्यांपासून बाहेर पडली, भारतात ऑल इंडिया स्पोर्ट्स कौन्सिल ऑफ द डेफला विचारायचं. तिथे दोन्हीपैकी जास्त ऐकू येणाऱ्या कानालाही निदान ५५ डेसिबलचा हिअरिंग लॉस लागतो. स्पेशल ऑलिम्पिक्स आणखी तिसरं, फक्त बौद्धिक दिव्यांगांसाठी. नावं सारखी वाटतात म्हणून सगळेच गोंधळतात.

दुसरं, प्रत्येक खेळाचा मालक वेगळा असतो. पॅरा अॅथलेटिक्स आणि स्विमिंग आयपीसी स्वतः बघते, पण पॅरा बॅडमिंटन बीडब्ल्यूएफ या बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेकडे आणि व्हीलचेअर टेनिस आयटीएफ या टेनिसच्या जागतिक संघटनेकडे. नियम, रँकिंग, लायसन्स सगळं तिथूनच येतं, त्यामुळे कोचला सरळ विचारा की हा खेळ कुणाच्या अंडर येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लासिफिकेशन, म्हणजे दिव्यांगत्व तपासून खेळाडूचा गट ठरवणं, इथे लोक फसतात. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ४० टक्के किंवा ७० टक्के दिव्यांगत्व लिहिलंय म्हणजे खेळायला पात्र असं अजिबात नाही. दिव्यांगत्वाचे दहाच प्रकार पॅरालिम्पिकला चालतात, त्यातही प्रत्येक खेळाची किमान अट वेगळी, मग क्लासिफायर लोक तपासून, खेळताना बघून क्लास देतात. टी म्हणजे ट्रॅक, एफ म्हणजे फील्ड, ११ ते १३ नजरेचे, २० बौद्धिक, असं. नॅशनलचा क्लास इंटरनॅशनलला पक्का धरू नका, तिथे परत तपासणी होते. टोकियोत २०२१ ला आपल्या एका थाळीफेकपटूने एफ५२ मध्ये ब्राँझ जिंकलं आणि पॅनेलला त्याला क्लासच देता आला नाही म्हणून ते गेलं, त्या दिवशी खूप वाईट वाटलेलं. म्हणून डायग्नोसिसचे कागद, एक्सरे, एमआरआय, जुने रिपोर्ट लहानपणापासूनचे एका फायलीत ठेवा, टक्केवारीच्या सर्टिफिकेटपेक्षा तेच जास्त कामाला येतात.

भाचा आता डेफ अॅथलेटिक्सची तयारी करतोय. स्पर्धेत कानाचं मशीन लावून पळता येत नाही, म्हणून प्रॅक्टिसलाही काढूनच पळतो, आणि स्टार्ट आवाजावर नसून लाइटवर असतो, तर मी मोबाइलचा टॉर्च मारतो आणि तो सुटतो.