साइटवर सर्वेअर म्हणून लागताय? मग कॅल्क्युलेटरमधले प्रोग्राम आधी तपासून घ्या

हायवेच्या साइटवर नवीन पोरगं आलं की कोणीतरी सीनियर त्याचा कॅसिओ एफएक्स ५८०० पी (प्रोग्राम लिहिता येणारा कॅल्क्युलेटर) घेतो, केबल लावतो आणि आपल्याकडचे सगळे प्रोग्राम त्यात टाकून देतो. चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) मारला की कोऑर्डिनेट, ऑफसेट (मध्यरेषेपासून बाजूचं अंतर) मारला की एफआरएल म्हणजे तयार रस्त्याची लेव्हल, पोरगं खूश. पण आत काय चाललंय ते कोणी सांगत नाही, आणि ज्याने मूळ प्रोग्राम लिहिला तो तर कधीच नोकरी सोडून दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं, पहिला प्रोग्राम स्वतः लिहा, अगदी छोटा. दोन पॉइंटमधलं अंतर आणि बेरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन). चार कोऑर्डिनेट विचारायचे, वजाबाकी करायची, पोल फंक्शनला (ते अंतर आणि कोन काढून देतं) द्यायचं, पण आधी नॉर्दिंगचा (उत्तरेकडचा आकडा) फरक आणि मग इस्टिंगचा (पूर्वेकडचा). मग डेमो म्हणून सोपे आकडे घाला: पहिला पॉइंट १०००, १००० आणि दुसरा नॉर्दिंग १३००, इस्टिंग १४००. अंतर ५०० आणि बेरिंग ५३ अंश ७ मिनिटं ४८ सेकंद आलं पाहिजे. ३६ अंश ५२ मिनिटं आलं तर नॉर्दिंग इस्टिंग उलटं गेलंय, आणि ५९ च्या आसपास आलं तर कोणीतरी मशीन अंशाऐवजी ग्रेडियनवर (काटकोनाचे १०० भाग) ठेवलंय (असं होतं, हसू नका). आता पॉइंट अदलाबदल करून बघा, २३३ अंश ७ मिनिटं ४८ सेकंद हवं. मायनसमध्ये कोन आला तर ३६० मिळवायची ओळ राहिलीय.

अजून एक, पोलचं उत्तर मशीन आपोआप आय आणि जे मध्ये ठेवतं, आणि ए ते झेड ही अक्षरं सगळ्या प्रोग्रामना कॉमन असतात. त्यामुळे तुम्ही चेनेज आय मध्ये ठेवलात आणि मध्येच सबप्रोग्रामने (मुख्य प्रोग्राम ज्याला बोलावतो तो छोटा प्रोग्राम) पोल चालवलं की चेनेज गेला, एरर वगैरे काही येत नाही, फक्त उत्तर चुकतं.

व्हर्टिकल कर्व्हलाही (चढ आणि उतार जोडणारा वक्र) हेच, ओळखीच्या उत्तराने तपासा. चढ २ टक्के, उतार १ टक्का, लांबी १५० मीटर, सुरुवातीची लेव्हल १००. मधोमध १००.९३८ येतं का बघा, आलं तर पुढे जा.

तयार प्रोग्रामची खरी भानगड वेगळीच आहे, बऱ्याच जणांनी अलाइनमेंटचा (रस्त्याच्या आखणीचा) डेटा सबप्रोग्राममध्येच टाइप करून ठेवलेला असतो. कन्सल्टंटने ड्रॉइंगची नवीन रिव्हिजन दिली की कॅल्क्युलेटरला ते कुठून कळणार? प्रोग्रामच्या नावातच रिव्हिजन नंबर घाला, १२ अक्षरं मिळतात, पुरतात. जागेची चिंता नको, २८,५०० बाइट आहेत.

हे तयार सॉफ्टवेअरचं प्रकरण नवीन नाही बरं का. १९७९ च्या एचपी ४१सी कॅल्क्युलेटरला वरच्या कडेला चार खाचा होत्या, त्यात सर्वेइंगचं रेडिमेड मॉड्यूल बसायचं, पण त्याच्यासोबत सोडवलेल्या उदाहरणांचं पुस्तक यायचं, आपल्याकडे व्हॉट्सॲपवर प्रोग्रामचा नुसता फोटो येतो.

टोटल स्टेशनमध्ये (कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) रोडचा प्रोग्राम असतो मग हे कशाला, असं विचारतात. ऑटो लेव्हलवर (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) स्टाफ म्हणजे मोजपट्टी वाचताना टोटल स्टेशन दुसऱ्या टीमकडे असतं, आणि दोन वेगळ्या मशीनवर एकच पॉइंट जुळला की खुंटी ठोकायला हात कचरत नाही. इंटरव्ह्यूला जाताना कॅल्क्युलेटर सोबत न्या, बेरिंगचा प्रोग्राम लिहून दाखवा म्हणणारे आहेत.