थंड तयार जेवणाचा घरचा कारखाना: चूल बंद झाल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

सुपरमार्केटच्या थंड कपाटासाठी तयार जेवण बनवणाऱ्या कुटुंबांत चवीवर तासन्‌तास वाद होतात. मीठ, तिखटपणा, रश्श्याचा रंग, सगळ्यावर प्रत्येकाचं मत असतं. पण कढई उतरवल्यापासून ट्रेवर सील बसेपर्यंत किती वेळ गेला, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मोठे घोटाळे बहुतेक त्याच वेळात होतात.

गरम माल थेट कोल्ड रूममध्ये ढकलणं

कोल्ड रूम थंड माल थंड ठेवण्यासाठी असते, गरम माल थंड करण्यासाठी नाही. गरम ट्रॉली आत गेली की खोलीची हवा तापते, शेजारचा तयार मालही तापतो, छताला पाणी धरतं आणि ते खाली ठिबकतं. आणि एवढं करून ट्रेच्या मधला भाग तासन्‌तास कोमटच राहतो.

हा कोमटपणाच घातक. शिजवल्याने जिवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आणि बॅसिलस सेरिअस या जिवाणूंचे बीजाणू (उष्णता सोसणारं त्यांचं सुप्त, कवचबंद रूप) तग धरतात. परफ्रिंजेन्सला 43 ते 47 अंश सेल्सिअस फार मानवतं. अनुकूल परिस्थितीत त्याची संख्या दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकते. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरिअसचं उलटी करवणारं विष तर पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे ‘ग्राहक गरम करूनच खाणार ना’ या युक्तिवादात काही दम नाही.

आकडे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेच्या फूड कोडनुसार शिजलेला पदार्थ 57 अंशांवरून 21 वर 2 तासांत आणि एकूण 6 तासांत 5 अंशांवर यायला हवा. मोठ्या स्वयंपाकघरांसाठीची ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वं जास्त कडक: शिजल्यावर 30 मिनिटांत थंड करायला घ्यायचं आणि पुढच्या 90 मिनिटांत 3 अंशांपर्यंत आणायचं. माझं मत विचाराल तर हा ब्रिटिश आकडाच डोळ्यांसमोर ठेवा.

ब्लास्ट चिलर (गार हवेच्या झोताने माल झटपट थंड करणारं मशीन) घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. घट्ट पदार्थाचा थर 5 सेंटिमीटरऐवजी 10 केला, तर थंड व्हायला दुप्पट नव्हे, जवळपास चौपट वेळ लागतो. घाईच्या दिवशी ट्रे काठोकाठ भरणारा माणूस ट्रे वाचवतो आणि तास घालवतो. शिवाय मशीनच्या पडद्यावर दिसतं ते बहुधा हवेचं तापमान. प्रोब, म्हणजे तापमापकाची सुई, खुपसायचा तो सगळ्यात उशिरा थंड होणाऱ्या कोपऱ्यातल्या ट्रेच्या मध्यभागी. आणि तो प्रोब बर्फाच्या पाण्यात 0 दाखवतो का, हे अधूनमधून बघायला हवं. पडून पडून तोही बिघडतो.

दहा लिटरची कृती तिसाने गुणणं

घरच्या पातेल्यात उत्तम जमलेला रस्सा तीनशे लिटरच्या कढईत पाणचट होतो. कारण सोपं आहे: कढई मोठी झाली की आकारमानाच्या मानाने वरचा उघडा पृष्ठभाग कमी पडतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात पाणी प्रमाणाने कमी आटतं. मग कोणीतरी अंदाजाने स्टार्च टाकतं. रस्सा दाटतो, आणि दाट रस्सा आतल्या आत फिरत नाही म्हणून आणखी सावकाश थंड होतो. चवीची चूक अशी तापमानाची चूक होऊन बसते. पाण्याचं प्रमाण आधीच कमी करून मोठ्या कढईसाठी कृती नव्याने बांधा, आणि ती वजनात लिहून ठेवा. आत्याच्या हाताच्या अंदाजावर चालणारा कारखाना आत्या आजारी पडली की बंद पडतो.

शेजाऱ्याचा माल बारा दिवस टिकतो, मग आपलाही

लिस्टेरिया हा जिवाणू या धंद्यातला खरा शत्रू. पदार्थाच्या मध्यापर्यंत 70 अंश 2 मिनिटं मिळाले की तो मरतो, पण नंतर नाल्यातून, माल वाहणाऱ्या पट्ट्यावरून, छताच्या थेंबातून परत येतो आणि फ्रिजच्या तापमानातही सावकाश वाढतो. शेल्फ लाइफची, म्हणजे माल किती दिवस टिकतो याची, चाचणी सगळे दिवस 4 अंशांवर करून छान निकाल मिळवणं ही स्वतःचीच फसवणूक. घरचा फ्रिज 7-8 अंशांवरही असतो. चाचणीचे काही दिवस तिथे काढायलाच हवेत.

व्हॅक्यूम किंवा गॅस भरलेल्या पॅकला वेगळा धोका आहे. बोटुलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जिवाणूची एक जात ऑक्सिजन नसताना 3 अंशांपासून वाढू शकते आणि तिचे बीजाणू मारायला 90 अंश 10 मिनिटं लागतात. तेवढी उष्णता दिली नसेल आणि आम्लता, मीठ वगैरेंचा दुसरा पुरेसा अडसरही नसेल, तर ब्रिटनमध्ये 3 ते 8 अंशांत ठेवलेल्या अशा पॅकला जास्तीत जास्त 10 दिवस देतात. वास घेऊन मात्र खात्री होत नाही. ही जात वाढली तरी पदार्थाला दुर्गंधी येईलच असं नाही.

सफाईबद्दल एकच सांगतो. नाल्यावर जोरदार पाण्याचा फवारा मारू नका. नाल्यातला लिस्टेरिया तुषारांबरोबर उडून पट्ट्यावर बसतो. आणि तुमचे स्वॅब (जिवाणू तपासायला पृष्ठभाग पुसून घेतलेले नमुने) वर्षभर निगेटिव्ह येत असतील तर आनंदी होण्याआधी ते कुठून घेतले जातात ते बघा. बहुतेकदा चकचकीत टेबलावरून घेतलेले असतात.

पॅककडे बघून काय ओळखायचं

झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब दिसले तर माल बहुधा कोमट असतानाच पॅक झालाय. फिल्म आत ओढली गेली असेल तर कार्बन डायऑक्साइड पदार्थात विरघळला असण्याची शक्यता जास्त. गॅसचं मिश्रण बदलून बघा. सील सुटत असेल तर सीलिंग मशीनवाल्याला बोलावण्याआधी ट्रेचा काठ बघा, रस्सा सांडलेला असतो. आणि फुगलेला पॅक दिसला तर चर्चा नको: ती बॅच अडवा, मगच कारण शोधा.

लेबलची चूक दिसायला किरकोळ, पण रिकॉल करायला, म्हणजे बाजारात गेलेला माल परत मागवायला लावणारी. आधीच्या पदार्थाची चार वेष्टनं मशीनपाशी उरतात आणि दूध किंवा शेंगदाणा असलेल्या ट्रेवर चढतात. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. पदार्थ बदलताना लाइन पूर्ण रिकामी करून दुसऱ्याने सही करावी. पुरवठादाराने सॉस बदलला तर त्याचंही लेबल नव्याने वाचा.

काकांना नाही कोण म्हणणार?

बॅच अडवण्याचा अधिकार लेखी हवा, आणि तो ज्याच्या डोक्यावर विक्रीचं ओझं नाही अशा माणसाकडे. माझ्या मते तो घरचा नसलेलाच बरा. धाकट्या पुतणीला क्वालिटीची जबाबदारी दिली आणि गाडी दारात उभी असताना काका म्हणाले, ‘जाऊ दे गं, एवढ्याने काय होतंय,’ तर ती कितपत ताणेल? तापमानाची वहीसुद्धा अशाच घरात शनिवारी एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. सहाही दिवस 3.0 अंश. ऑडिटर हसत नाही, फक्त पान दुमडून ठेवतो.

याच नात्यांतून मोठ्या ऑर्डरचा निर्णयही होतो. सुपरमार्केटचा बायर ऑफरच्या आठवड्यासाठी दुप्पट माल मागतो आणि घरचे कढया मोजतात. मोजायचा असतो ब्लास्ट चिलर. समजा एका फेरीत 120 किलो मावतात, फेरी 90 मिनिटांची आणि भरणं-काढणं 15 मिनिटांचं. आठ तासांत चार पूर्ण फेऱ्या, म्हणजे 480 किलो. कढया 800 किलो शिजवू शकत असतील, तर उरलेले 320 किलो त्या दुपारी कुठे उभे राहणार आहेत, हे बायरला हो म्हणण्याआधी ठरवा.