भंगारातली बुलेट: आधी चाकं, मग बाकी सगळं

भंगारातून शोभेची छोटी मोटारसायकल बनवायची तर आधी चाकं शोधा. चोपडा-यावलच्या केळीपट्ट्यात गावोगावी मोटार वायंडिंगची दुकानं आहेत. मोनोब्लॉक पंपातून (मोटार आणि पंप एकाच सांगाड्यात असलेल्या) काढलेल्या बाद बेअरिंगांचा ढीग तिथे असतोच. ६२०४ नंबरची एकसारखी दोन घ्या, तीच आपली चाकं. बाहेरचा व्यास ४७ मिमी, रुंदी १४. खऱ्या गाडीचं चाक साधारण ६० सेंमी, म्हणजे आपली गाडी तिच्या तेराव्या हिश्श्याची. दोन चाकांच्या मध्यांत १० सेंमी अंतर ठेवा. टायर जरा जाडजूड दिसतो, म्हणून बुलेटच बनवा. रेसिंग गाडी या चाकांवर शोभत नाही.

इंजिनाला बरेच जण अख्खा स्पार्क प्लग लावतात. या मापात तो राक्षसी दिसतो. त्यापेक्षा बोल्टवर एक मोठा वायसर, एक लहान, पुन्हा मोठा असे आठ-दहा चढवून नटाने आवळा. सिलिंडरच्या पात्या हुबेहूब! हँडलला सायकलचा आरा वाकवा.

वेल्डिंग नसेल तर एम-सील (दोन भाग एकत्र मळून लावायचा, कडक होणारा लगदा) चालतं. पण बेअरिंग आधी डिझेलमध्ये रात्रभर बुडवा, ब्रशने घासा, साबणाने धुऊन कडकडीत वाळवा. ग्रीस राहिलं तर पकड येत नाही. माझं पहिलं पुढचं चाक तसंच निखळलं. आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात एम-सील भराभर कडक होतं, तेव्हा सुपारीएवढंच मळा. वेल्डिंग करणार असाल तर जस्ताचा मुलामा दिलेले नट-बोल्ट आधी घासून घ्या, त्याचा धूर बाधतो.